संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर: उभारणी आणि सुरक्षा

शाईपेन:
नमस्कार मंडळी. आमची सामाजिक संस्था आहे आणि साठेक जणांकडे संस्थेच्या डोमेनवरचे पत्ते आहेत. आत्तापर्यंत मेल बाहेरच्या सेवेकडे होता. आता कार्यकारिणीने ठरवलंय की पत्रव्यवहार आपल्याच सर्व्हरवर आणायचा. आमच्याकडे अडचणीत सापडलेली माणसं लिहितात, अगदी घरातलं सांगतात. ते कुठे साठवलं जातं आणि कोण उघडू शकतं, हे आम्हाला छातीठोकपणे सांगता यायला हवं. काम माझ्याकडे आलंय. लिनक्सवर वेबसाइट आणि डेटाबेस मी सांभाळते, पण मेलचा अनुभव नाही. मेल पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स आणि साठवून वाचायला देण्यासाठी डव्हकॉट वापरावं असं वाचनातून दिसतंय. सुरुवात कुठून करू, आणि सुरक्षेत कुठे सर्वांत जास्त लक्ष द्यायचं? सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

रात्रपाळी:
शाईपेन, तुमचं कारण पटलं. फक्त पैसे वाचवायला कुणी हे करत असेल तर मी परावृत्त करतो. पण विदा आपल्या ताब्यात हवा म्हणून करत असाल तर मेहनत सार्थकी लागते.

सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक, बघा. मेल येणं सोपं आहे, आपला मेल दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पोचणं अवघड, आणि त्यात आयपीचा पूर्वेतिहास फार मोजला जातो. भाड्याने घेतलेला आयपी आधी कुणी स्पॅमसाठी वापरला असेल तर त्याचं पाप तुमच्या माथी येतं. म्हणून सर्व्हर घेतल्याबरोबर तो पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्यांमध्ये तपासा, आणि सापडला तर तिथेच परत करून दुसरा मागा. बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, मुळातच बंद ठेवतात. काही जण विनंती केल्यावर उघडतात, काही अजिबात नाही. करार करण्याआधी लेखी विचारून घ्या.

मग रिव्हर्स डीएनएस (डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही). आयपीवरून नाव शोधलं तर तुमच्या मेल सर्व्हरचं नाव यायला हवं, आणि त्या नावावरून शोधलं तर तोच आयपी. सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला हेलो म्हणताना जे नाव सांगतो तेही तेच ठेवा. आयपीवरून नाव सांगणारी ही पीटीआर नोंद तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये होत नाही, आयपी ज्याच्या मालकीचा आहे त्याच्या पॅनेलमधून होते. नवखे इथे हमखास अडकतात. आयपीव्ही-६ साठीही, म्हणजे नव्या लांब पत्त्यांसाठीही, वेगळी नोंद लागते. ती देता येत नसेल तर पोस्टफिक्सला सरळ आयपीव्ही-४ वरूनच पाठवायला सांगा, कारण जीमेल आयपीव्ही-६ च्या बाबतीत पीटीआर आणि प्रमाणीकरण दोन्हींवर अडून बसतं.

आयपी, पोर्ट २५ आणि रिव्हर्स डीएनएस हे तीन जमलं की मगच पुढचं.

निरभ्र:
थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा. साठ माणसांच्या संस्थेत हे सगळं एका व्यक्तीच्या खांद्यावर असतं. ती व्यक्ती आजारी पडली, नोकरी सोडून गेली, तर? मेल सर्व्हर एकदा बसवला आणि विसरलो असं होत नाही. माझ्या मते दुसरा माणूस तयार होईपर्यंत सुरूच करू नये.

एक मधला मार्गही आहे. येणारा मेल आणि साठवण तुमच्या सर्व्हरवर ठेवा, बाहेर जाणारा मेल मात्र एखाद्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपला मेल पुढे पोचवणाऱ्या सेवेमार्फत, पाठवा. आयपीच्या प्रतिष्ठेची डोकेदुखी त्यांच्याकडे जाते. अर्थात बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या यंत्रणेतून जातं, म्हणजे तुमच्या मूळ हेतूला तेवढा धक्का लागतो. ते कार्यकारिणीला स्पष्ट सांगा.

रात्रपाळी:
निरभ्र, दुसऱ्या माणसाबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त संस्थेबाहेरचं कुणी आयत्या वेळी येऊन बघेल यावर विसंबू नका. आतलाच एक जण हवा, ज्याच्याकडे पासवर्ड आहेत आणि ज्याने निदान एकदा सगळं स्वतःच्या हाताने उभं केलं आहे.

मात्र बंद पडण्याची भीती थोडी कमी बाळगा. एसएमटीपीची, म्हणजे सर्व्हर मेल पाठवतात त्या पद्धतीची, रचना १९८२ सालची आहे, तेव्हा समोरचं यंत्र कधीही बंद असेल हे गृहीत धरलं होतं. तुमचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्स स्वतः डीफॉल्टने ५ दिवस धीर धरतो. त्यामुळे रात्री सर्व्हर पडला आणि सकाळी उठवला तरी सहसा पत्र हरवत नाही. राखीव एमएक्स सर्व्हर (एमएक्स म्हणजे डोमेनचा मेल कुठे द्यायचा ती डीएनएस नोंद) ठेवण्याची जुनी पद्धत मी तरी सुचवणार नाही. स्पॅमवाले मुद्दाम त्याच दाराने येतात, कारण तिथली तपासणी ढिली असते.

कुंपण:
उभारणीबद्दल. सगळं हाताने जुळवायचं की मेलकाऊ, मेलू, मेल-इन-अ-बॉक्स यांसारखा तयार संच घ्यायचा, हा पहिला निर्णय. पहिल्यांदाच करत असाल तर तयार संच घ्या, पण प्रयोगाच्या यंत्रावर एकदा पोस्टफिक्स आणि डव्हकॉट स्वतः बसवून बघा. संच बिघडतो तेव्हा आत काय चाललंय हे कळायला तोच अनुभव कामी येतो. व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही एकटाच १ जीबीहून जास्त मेमरी खातो, त्यामुळे फार छोटं यंत्र घेऊ नका.

आता एक धोका, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. पोस्टफिक्समध्ये 'मायनेटवर्क्स' नावाची यादी असते. त्यातल्या पत्त्यांना पासवर्डशिवाय बाहेर मेल पाठवता येतो. डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या यंत्रणेत, बसवलेल्या पोस्टफिक्सला काही मांडणीत जगभरातून येणारं प्रत्येक कनेक्शन डॉकरच्याच अंतर्गत पत्त्यावरून, म्हणजे १७२.१७.०.१ सारख्या पत्त्यावरून, आल्यासारखं दिसतं. तो पत्ता विश्वासू यादीत असेल तर तुमचा सर्व्हर ओपन रिले झाला, म्हणजे कुणीही त्यातून कुणालाही मेल पाठवू शकतो. कॉन्फिगरेशन वाचून काहीच चूक दिसत नाही! म्हणून बाहेरच्या एखाद्या नेटवर्कवरून टेलनेट या जोडणीच्या साधनाने पोर्ट २५ ला जोडा आणि तिसऱ्याच डोमेनच्या पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न करा. 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं पाहिजे. लॉगमध्ये तुमचा खरा बाहेरचा आयपी दिसतोय का तेही बघा. तो दिसत नसेल तर वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्या आयपीला अडवणारं फेल-टू-बॅनही निकामी आहे, कारण ते स्वतःच्याच डॉकरला अडवत बसेल.

दारं वेगळी ठेवा. पोर्ट २५ फक्त दुसऱ्या सर्व्हरांसाठी, तिथे लॉगिनची सोय पूर्ण बंद. आपल्या माणसांनी ४६५ वरून पाठवायचं, जुन्या उपकरणांसाठी हवं तर ५८७. वाचायला ९९३. बाकी ११०, १४३ वगैरे जुनी दारं बाहेरून बंद.

शाईपेन:
इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दुसऱ्या माणसाचं कार्यकारिणीला सांगितलं, एक सहकारी तयार झालाय. डॉकरचं मी आजच तपासते.

एसपीएफ, डीकिम, डीमार्क हे तीन शब्द सगळीकडे दिसतात. सर्वांच्या व्याख्या वाचल्या, पण तिन्ही कशाला लागतात ते डोक्यात बसत नाहीये. आणि आमचं मासिक वृत्तपत्रक काही हजार लोकांना जातं. तेही इथूनच पाठवायचं का?

तळटीप:
शाईपेन ताई, व्याख्या बाजूला ठेवा आणि साध्या कागदी पत्राचं पाकीट आठवा. मेललाही बाहेरचं पाकीट आणि आतलं पत्र असतं. पाकिटावरचा प्रेषक वाचणाऱ्याला दिसत नाही, पत्रातला 'फ्रॉम' दिसतो. एसपीएफ पाकिटावरच्या प्रेषकाचं डोमेन घेतो आणि हा आयपी त्याच्या वतीने पाठवू शकतो का ते बघतो. म्हणजे एखादा ठग पाकिटावर स्वतःचं डोमेन आणि आत तुमच्या संस्थेचं नाव लिहून एसपीएफ सहज उत्तीर्ण होतो. डीकिम पत्रावर सही करतो, पण सही कुणाचीही चालते, ती तुमचीच हवी असं तो म्हणत नाही. डीमार्क या दोघांना दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी बांधतो: दोहोंपैकी निदान एक उत्तीर्ण हवा आणि त्याचं डोमेन 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळायला हवं. म्हणून तिन्ही लागतात.

प्रत्यक्षात चुका कुठे होतात ते सांगतो. एसपीएफमध्ये डीएनएसचे जास्तीत जास्त १० शोध चालतात. आधीची सेवा, फॉर्म भरण्याची सेवा, देणगीची सेवा असे 'इन्क्लूड' (दुसऱ्या सेवेच्या सर्व्हरांना परवानगी देणारे भाग) वाढत गेले की मर्यादा ओलांडली जाते आणि अख्खी नोंद चुकीची धरली जाते. स्थलांतर झाल्यावर जुन्या सेवेचा इन्क्लूड काढायला विसरू नका, नाहीतर त्या सेवेच्या सर्व्हरांना तुमच्या नावाने पाठवायची परवानगी तशीच राहते. डीकिमची किल्ली २०४८ बिटांची घ्या. डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, त्यामुळे ती किल्ली अवतरणचिन्हांत तोडून लिहावी लागते. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही गुपचूप पुढचा भाग कापून टाकतात. टाकल्यावर बाहेरून 'डिग' या डीएनएस नोंद दाखवणाऱ्या आदेशाने पूर्ण वाचा.

डीमार्क पहिल्या दिवशी 'रिजेक्ट'वर (नाकारा) नेऊ नका. 'नन'वर (काही करू नका) ठेवा आणि रोज येणारे अहवाल वाचा. संस्थेच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं हे बहुतेक वेळा कुणालाच पूर्ण माहीत नसतं: हिशेबाचं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा संपर्क फॉर्म, छपाई यंत्रावरचा स्कॅनर. हे सगळे अहवालात उघडे पडतात. ते नीट झाले की 'क्वारंटाइन' (संशयित म्हणून बाजूला ठेवा), मग 'रिजेक्ट'. पण 'नन'वरच कायमचं थांबू नका. बहुतेक संस्था तिथेच थांबतात आणि डीमार्क आहे म्हणून निर्धास्त होतात. 'नन'मुळे तोतया पत्र अडत नाही.

संस्थेकडे न वापरातली डोमेनं असतील तर त्यांनाही कुलूप लावा: एसपीएफ 'वजा ऑल' (कुणालाच परवानगी नाही), डीमार्क 'रिजेक्ट', आणि नल एमएक्स, म्हणजे इथे मेल घेतला जात नाही अशी नोंद.

रात्रपाळी:
वृत्तपत्रकाबद्दल माझं मत ठाम आहे: ते रोजच्या पत्रव्यवहाराच्या आयपीवरून पाठवू नका. वेगळं उपडोमेन आणि वेगळा मार्ग ठेवा. शे-दोनशे वाचकांनी कंटाळून 'स्पॅम' बटण दाबलं की त्याचा फटका अडचणीतल्या माणसाला तुम्ही पाठवलेल्या उत्तराला बसतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही सक्तीचे, जाहिरातवजा मेलमध्ये एका टिचकीत नोंदणी रद्द करण्याची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुकसाठी प्रमाणीकरणाची तशीच अट आणली. तुम्ही ५,००० च्या खाली असलात तरी हेच नियम आपले माना. आपल्या मेलची जीमेलकडची स्थिती दाखवणाऱ्या गुगल पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन नोंदवून ठेवा.

नव्या आयपीवरून पहिल्याच आठवड्यात ढीगभर मेल सोडू नका. आधी नेहमीचा पत्रव्यवहार होऊ द्या, लोकांनी उत्तरं देऊ द्या.

दीपमाळ:
वाचनखूण साठवली. एका बाबीवर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बाहेरून सर्व्हर फोडण्यापेक्षा एखाद्याचा पासवर्ड चोरून आत येणं कितीतरी सोपं असतं. मी ज्या संस्थेचं काम बघते तिथे असं घडलं. एका कर्मचाऱ्याने नकली लॉगिन पानावर पासवर्ड दिला. दोन आठवडे काहीच झालं नाही. मग एका शनिवारी रात्री बाहेर जाणाऱ्या मेलची रांग फुगायला लागली.

लॉगमध्ये काय दिसतं ते सांगते, म्हणजे ओळखता येईल. ओळीमागून ओळ, प्रत्येकीत 'एसएएसएल युजरनेम' (लॉगिन केलेलं खातं) एकच, पण क्लायंटचा आयपी दर ओळीला वेगळा, वेगवेगळ्या देशांतला. रांगेचं चित्र दाखवणारं 'क्यूशेप' चालवलं तर जीमेल, याहू, आउटलुक यांच्या रांगेत हजारो मेल, आणि समोरून '४२१' म्हणजे 'नंतर या' अशी उत्तरं. थोड्या वेळाने त्यांचं '५५०' (साफ नकार) व्हायला लागतं, म्हणजे आयपी बदनाम झाला.

अशा वेळी लोक पहिल्यांदा पासवर्ड बदलतात आणि स्पॅम चालूच राहतो, कारण आधी उघडलेली कनेक्शनं जिवंत असतात, डव्हकॉटच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जुना पासवर्ड असू शकतो आणि रांगेत भरलेलं जातच राहतं. आधी 'पोस्टसुपर' वापरून सगळी रांग 'होल्ड'वर टाका. मग खातं बंद करा, डव्हकॉटची ऑथ कॅश रिकामी करा, 'डव्हॲडम किक'ने त्या खात्याची सत्रं तोडा, पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा. त्यानंतर त्या खात्यातली सगळी रांग काढून उरलेली सोडा. शेवटी सीव्हचे, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं ते ठरवणारे, नियम बघा. आमच्याकडे त्या खात्यात एक नियम सापडला, प्रत्येक येणाऱ्या पत्राची प्रत बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा. स्पॅम थांबवून समाधान मानलं असतं तर संस्थेचा पत्रव्यवहार तसाच गळत राहिला असता. शाईपेन, तुमच्याकडे ज्या प्रकारची पत्रं येतात ते बघता सीव्हमधून बाहेर पुनर्प्रेषण करणं सगळ्यांसाठी बंदच ठेवा.

हे होऊ नये म्हणून: प्रत्येक खात्याला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा, स्पॅम गाळणाऱ्या आरस्पॅमडीमध्ये ती नीट लावता येते. लॉगिन केलेल्याला दुसऱ्याच्या नावाचा 'फ्रॉम' घालता येऊ नये, त्यासाठी पोस्टफिक्सचा 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' हा नियम. प्रत्येक उपकरणाला वेगळा ॲप पासवर्ड, म्हणजे फोन हरवला तर तेवढाच रद्द करता येतो आणि मुख्य पासवर्ड फक्त दुहेरी पडताळणीच्या पानावर वापरला जातो. फेल-टू-बॅन असू द्या, पण त्यावर भिस्त नको. आजकाल प्रत्येक आयपी एक-दोनदाच प्रयत्न करून बाजूला होतो.

निरभ्र:
दीपमाळ, फार मोलाचा प्रतिसाद. वेबमेलबद्दलही हेच. जून २०२५ मध्ये राउंडक्यूब या वेबमेलमधली (ब्राउझरमधून मेल वाचायचं सॉफ्टवेअर) एक गंभीर त्रुटी उघड झाली, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-४९११३. लॉगिन केलेल्या कुणालाही सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता, आणि ही चूक त्या कोडमध्ये सुमारे दहा वर्षं पडून होती. १.६.११ आणि १.५.१० मध्ये दुरुस्ती आली. एका चोरलेल्या पासवर्डवरून अख्खा सर्व्हर, असा हा प्रवास. शक्य असेल तर वेबमेल व्हीपीएनच्या (संस्थेच्या खासगी जाळ्याच्या) मागेच ठेवा किंवा वेगळ्या यंत्रावर.

कुंपण:
आणि पोस्टफिक्सही अद्ययावत हवं. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग बाहेर आलं: ओळ संपवण्याच्या खुणेचा अर्थ दोन सर्व्हर वेगवेगळा लावतात याचा फायदा घेऊन एका मेलच्या पोटात दुसरा तोतया मेल घुसवता येत होता, तोही एसपीएफ उत्तीर्ण होऊन. ३.९ पासून बचाव डीफॉल्टने चालू आहे. जुनं असेल तर 'फॉरबिड बेअर न्यूलाइन' ही सेटिंग चालू आहे का बघा.

शाईपेन:
चाचणीचा सर्व्हर उभा केला. डॉकरचा धोका आमच्याकडे खरोखरच होता, रिले चाचणीत लगेच दिसला. दुरुस्त केलं, कुंपण यांचे आभार मानावे तितके कमी. पण आता एक विचित्र गोष्ट होतेय. बाहेरून येणारा प्रत्येक मेल नाकारला जातोय, जीमेलचासुद्धा. लॉगमध्ये स्पॅमहाउसच्या यादीत आहे असं कारण दिसतंय. जीमेल यादीत कसं असेल?

तळटीप:
ते यादीत नाही. तुमचा सर्व्हर डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा तसाच सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसमधली उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) वापरतोय. स्पॅमहाउस अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाही, त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हा खुणेचा पत्ता परत पाठवतो. तुमचं कॉन्फिगरेशन 'काहीही परत आलं म्हणजे यादीत आहे' असं समजतंय. दोन गोष्टी करा. सर्व्हरवरच अनबाउंड हे सॉफ्टवेअर बसवून त्यालाच रिझॉल्व्हर करा, आणि कुठलीही फॉरवर्डिंग (प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणं) ठेवू नका. शिवाय नियमात १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं ग्राह्य धरा.

जाता जाता, जुन्या लेखांतून याद्यांची नावं उचलली असतील तर सॉर्ब्स काढून टाका. ती सेवा जून २०२४ मध्ये बंद झाली.

शाईपेन:
अनबाउंड बसवलं, मेल यायला लागले! प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं घेतलंय. टीएलएस, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणं, सर्वत्र सक्तीचं करू का? आणि बॅकअपमध्ये मेल सोडून काय काय घ्यायचं?

रात्रपाळी:
४६५, ५८७ आणि ९९३ वर सक्ती करा. पोर्ट २५ वर नको, तिथे 'मे' (शक्य असेल तर) ठेवा. जगात अजूनही काही सर्व्हर टीएलएसशिवाय येतात आणि सक्ती केलीत तर त्यांची पत्रं तुमच्यापर्यंत कधीच पोचणार नाहीत. समोरचा सक्षम असेल तर त्याने कूटबद्धच पाठवावं यासाठी एमटीए-एसटीएस लावा, आधी 'टेस्टिंग' अवस्थेत, टीएलएस अहवाल सुरू करून. डीएनएसएसईसी (डीएनएस नोंदींवरची सही) असेल तर त्याच कामासाठी डेनही. पण डेनची टीएलएसए नोंद किल्लीच्या ठशावर असते आणि प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट नूतनीकरणात नवी किल्ली बनवतो. 'रीयूज की' लावलं नाहीत तर नूतनीकरण झालं की डेन तपासणारे सर्व्हर तुम्हाला मेल देणं थांबवतील.

प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. फाइल बदलली तरी पोस्टफिक्स आणि डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहू शकतात, त्यामुळे रीलोड नूतनीकरणाच्या हुकमध्ये, म्हणजे त्यानंतर आपोआप चालणाऱ्या आदेशात, घाला. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याच्या सूचना पाठवणं जून २०२५ मध्ये बंद केलं, तेव्हा पाळत आपली आपणच ठेवायची, आणि ती इशारे देईल ते याच सर्व्हरच्या पत्त्यावर नकोत.

बॅकअपमध्ये मेलबरोबर कॉन्फिगरेशन, वापरकर्त्यांचा डेटाबेस, डीकिमची खासगी किल्ली, सीव्हचे नियम आणि डीएनएस नोंदींची प्रत. बॅकअप सर्व्हरने ढकलण्याऐवजी दुसऱ्या यंत्राने ओढून घ्यावा, म्हणजे मेल सर्व्हर ताब्यात गेला तरी घुसखोराला बॅकअप पुसता येत नाही. तो कूटबद्ध ठेवा, कारण त्यात तीच सगळी पत्रं आहेत. आणि तुमच्या त्या सहकाऱ्याला तुम्ही काहीही न सांगता कोऱ्या यंत्रावर तो परत उभा करायला लावा. तो जिथे अडेल तिथे तुमचं टिपण अपुरं आहे.

दीपमाळ:
डोमेनचं खातं विसरू नका. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, नोंदवलेला संपर्क पत्ता याच डोमेनवरचा असेल तर गोची होते: डोमेनची मुदत संपली की इशारा देणारा मेलही पोचत नाही आणि पासवर्ड बदलायची लिंकही नाही. तिथे बाहेरचा पत्ता द्या, दुहेरी पडताळणी लावा, ट्रान्सफर लॉक चालू ठेवा. ज्याच्या हातात डीएनएस त्याच्या हातात तुमचा सगळा मेल, मग सर्व्हर कितीही भक्कम असो.

शाईपेन:
रजिस्ट्रारकडे नेमका संस्थेच्याच डोमेनवरचा पत्ता होता, आता बदलला. पुढच्या महिन्यात खरं स्थलांतर करतोय. जुनी पत्रं कशी आणायची?

कुंपण:
आयमॅपसिंक, म्हणजे एका सर्व्हरवरची पत्रं दुसऱ्यावर उतरवणारं साधन. स्थलांतराच्या बऱ्याच आधी चालवायला सुरुवात करा, पहिल्या फेरीला वेळ लागतो, नंतरच्या फेऱ्यांत फक्त नवीन पत्रं येतात. एमएक्स नोंदीचा टीटीएल (बाकीचे ती नोंद किती वेळ लक्षात ठेवतात) दोन-तीन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. एमएक्स बदलल्यावरही जुनी सेवा लगेच बंद करू नका, काही सर्व्हर जुना पत्ता धरून बसतात. तिथे आलेलं उचलायला आयमॅपसिंक आणखी काही दिवस चालू ठेवा. पोस्टमास्टर आणि अब्यूज हे तक्रारींसाठीचे दोन पत्ते नव्या सर्व्हरवर पहिल्या दिवसापासून हवेत, आणि ते तुम्ही दोघांनी रोज वाचायचे. संस्था सोडून गेलेल्यांची खाती तशीच उचलून आणू नका. आधी यादी काढा, त्यांचे पासवर्ड रद्द करा, आणि जी पत्रं खरंच ठेवायची आहेत तेवढीच वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या जागी हलवा.